नोकरी सुटली, की इलाजही सुटतो?

व्यापारी बांधवांनी आपल्या पेढीवर माणसाचा शेवटचा हिशेब कसा होतो, ते एकदा आठवून पाहावे. माणूस काम सोडून चालला, की मुनीम खाते उघडतो. चालू महिन्याचा पगार किती, उचल किती घेतली होती, बोनस देणे बाकी आहे काय, प्रॉव्हिडंट फंडाचा फॉर्म भरला काय, गोदामाची चावी परत आली काय, हे सर्व पाहिले जाते. शेवटी सही किंवा अंगठा होतो, चहा होतो आणि माणूस जिना उतरून जातो. या सबंध हिशेबात एक कलम कधीच येत नाही. हा माणूस उद्या आजारी पडला, तर त्याच्या इलाजाचा हक्क संपला की अजून शिल्लक आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. आपल्यालाही ते ठाऊक नसते.

आम्ही कापडाच्या धंद्यात तीस वर्षांहून अधिक काळ आहोत. हा लेख इतरांना उपदेश करण्यासाठी लिहीत नाही. पहिली चूक आमच्याच पेढीत झाली, म्हणून लिहीत आहोत.

भिवंडीत आमचे गोदाम आहे आणि त्याला लागून यंत्रमागांचा एक लहान कारखाना आहे. दोन्हीकडे मिळून बावीस माणसे काम करतात. थानांची घडी घालणारा एक कारागीर आमच्याकडे अकरा वर्षे होता. सप्टेंबर २०१८ च्या अखेरीस तो काम सोडून आपल्या भावाच्या दुकानात बसू लागला. राजीखुशीने गेला, कसलाही तंटा नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या पोटात दुखू लागले. पित्ताशयात खडे निघाले. खासगी दवाखान्यात ऑपरेशन झाले, ६८ हजार रुपये खर्च आला आणि त्यापायी घरच्या बाईचे दागिने गहाण पडले. आम्हाला हे चार महिन्यांनी एका लग्नात कळले. आम्ही विचारले, "ईएसआयच्या दवाखान्यात का नाही गेलास?" तो म्हणाला, "सेठ, कार्ड तर मुनीमजींनी चावीबरोबर जमा करून घेतले. नोकरी गेली म्हणजे कार्डही गेले, असेच आम्ही समजलो."

आमचीही समजूत तीच होती. आमचे चलन भरणाऱ्या सल्लागाराला विचारले, तेव्हा तो हसला. त्याने सांगितले, की त्या माणसाचा इलाजाचा हक्क ३० जून २०१९ पर्यंत जिवंत होता. ऑपरेशन कामगार रुग्णालयात मोफत झाले असते. कार्ड परत घेण्याचा अधिकार आम्हाला कोणीही दिलेला नव्हता. अकरा वर्षे त्याच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली आणि ती उपयोगी पडायची वेळ आली, तेव्हा आमच्याच पेढीने त्याचा रस्ता अडवला.

हक्क किती दिवस टिकतो?

कामगार राज्य विमा कायदा १९४८ साली झाला आणि योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. या कायद्याखाली चालत आलेला हिशेब सहामाहीचा आहे. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या सहामाहीत भरलेल्या वर्गणीवर पुढील वर्षाच्या १ जानेवारी ते ३० जून हा लाभाचा काळ मिळतो. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या सहामाहीच्या वर्गणीवर १ जुलै ते ३१ डिसेंबर हा लाभाचा काळ मिळतो. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर त्या सहामाहीच्या लाभाच्या काळात आजारपणाचा भत्ता मागण्याचा हक्क मिळतो. आणि १९४८ च्या कायद्याचे कलम ५६ असे सांगते, की ज्या काळात भत्त्याचा हक्क आहे, त्या काळात दवाखान्याचाही हक्क आहे. मधल्या काळात नोकरी सुटली, तरी हा हक्क त्याच दिवशी बुडत नाही.

आमच्या कारागिराचेच उदाहरण घ्या. त्याने एप्रिल ते सप्टेंबर २०१८ पूर्ण काम केले होते. म्हणून जानेवारी ते जून २०१९ हा काळ त्याचा होता. त्याआधीच्या सहामाहीतही तो कामावर होता, म्हणून २०१८ चा ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळही झाकला गेला होता. म्हणजे काम सोडल्यानंतर सबंध नऊ महिने त्याच्याकडे हक्क होता आणि त्याला वाटत होते, की आपल्याकडे काहीच नाही.

निवृत्त होणाऱ्यासाठीही सोय आहे. पाच वर्षे किंवा अधिक काळ विमा असलेला कामगार वयोमानाने निवृत्त झाला, तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचा व पत्नीचा किंवा पतीचा इलाज चालू ठेवता येतो, अशी तरतूद केंद्रीय नियमांत करण्यात आली. वर्षाचे १२० रुपये म्हणजे महिन्याचे १० रुपये! बरा शर्टिंगचा कपडा एक मीटरही या पैशांत येत नाही. कामावर अपघात होऊन कायमचे अपंगत्व आले आणि त्यामुळे नोकरी गेली, तर अशा कामगारालाही हाच मार्ग खुला ठेवला आहे. कारखाना बंद पडला किंवा कामगारकपात झाली, तर १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू झाली. तिच्यात बेकारी भत्ता मिळण्याच्या काळात कामगाराचा व त्याच्या कुटुंबाचा इलाजही होतो.

एक खुलासा करणे जरूर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि १९४८ चा कायदा तिच्यात सामावला गेला. कायदा बदलला, की कलमांचे आकडे आणि फॉर्मची नावे बदलतात. म्हणून माणूस काम सोडेल त्या दिवशी विमा महामंडळाच्या आपल्या शाखा कार्यालयात जाऊन त्या दिवसाचा नियम विचारून घ्यावा. आमच्यासारखे मुनीमावर सोपवून मोकळे होऊ नये.

भांडण कशावरून होते?

आमच्यावर प्रसंग ओढवल्यानंतर आम्ही दोन-तीन वकील मित्रांकडे बसून अशा मामल्यांची माहिती घेतली. ऐकून एक गोष्ट ध्यानात आली. आजार खरा की खोटा, यावर फारच कमी भांडणे होतात. बहुतेक भांडणे कागदावरून होतात. वर्गणी कापली पण भरली नाही. भरली पण चुकीच्या नंबरावर भरली. काम सोडल्याची तारीख चुकीची लिहिली. काम सोडणाऱ्याला काहीच सांगितले नाही.

पगारातून वर्गणी कापून ती महामंडळाकडे न भरणे, हा आपल्या बाजारातील जुना रोग आहे. धंदा मंदीत असला, की प्रथम हेच चलन मागे पडते. मालकाला वाटते, पुढच्या महिन्यात भरू. पण कायदा या पैशाकडे कसा पाहतो? १९४८ च्या कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कापलेली रक्कम मालकाकडे विश्वासाने ठेवलेली मानली गेली. भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ मध्ये तर स्पष्ट खुलासाच होता, की असा पैसा न भरणे हा विश्वासघाताचा गुन्हा होय. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीच गोष्ट कलम ३१६ मध्ये आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे अशा पैशाला अमानत म्हणायला शिकवले होते. इंग्रजीत त्याला काहीही म्हणोत, मामला एकच आहे. तो पैसा आपला नाही.

कामगाराने एक गोष्ट लक्षात ठेवावी. मालकाने वर्गणी भरली नाही, म्हणून कामगाराचा लाभ बुडावा, असे १९४८ च्या कायद्याला मंजूर नव्हते. कलम ६८ मध्ये अशी तजवीज होती, की महामंडळाने कामगाराला लाभ द्यावा आणि रक्कम मालकाकडून वसूल करावी. पण कामगारापाशी पगाराची चिठ्ठी नसेल, हजेरीचा पुरावा नसेल, विमा क्रमांक नसेल, तर तो कशाच्या जोरावर मागणार? आणि आपल्या यंत्रमागाच्या धंद्यात पगाराची चिठ्ठी किती जण देतात, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

दुसरे भांडण तारखेचे. माणूस दीर्घ आजारी पडला, की काही मालक त्याला मागील तारखेने काम सोडलेला दाखवतात. आजारपणाचा भत्ता घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढणे १९४८ च्या कायद्याच्या कलम ७३ ने मना केले होते. तरीही असे प्रकार झाले आणि ते कामगार विमा न्यायालयात गेले. अशा मामल्यांसाठी हे स्वतंत्र न्यायालय कलम ७४ व ७५ खाली ठेवले गेले आणि साध्या दिवाणी न्यायालयाला त्यात हात घालण्याची मुभा नव्हती. फिर्यादीची मुदत तीन वर्षांची होती. तीन वर्षे पुष्कळ वाटतात. पण ज्याला आपला हक्क आहे हेच माहीत नाही, त्याला तीस वर्षे दिली तरी काय उपयोग?

पांढरपेशा नोकरीतही हेच

कोणी म्हणेल, की हे सर्व कमी पगाराच्या, कमी शिकलेल्या माणसांचे झाले. तसे नाही. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ रोजी १५ हजारांवरून २१ हजार रुपये करण्यात आली. त्यावर पगार असलेल्यांना बऱ्याच कंपन्या ग्रुप मेडिक्लेम देतात. आमचा भाचा मुंबईत अशाच एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात होता. मुलगा बी.कॉम. झालेला, इंग्रजी उत्तम. सात वर्षे त्याच्या कुटुंबाला कंपनीच्या विम्याचे छत्र होते. ३१ मार्च २०२२ रोजी त्याने नोकरी सोडली. नव्या ठिकाणी विमा नव्हता. त्याच्या बायकोच्या गर्भाशयातील गाठीचे ऑपरेशन ११ एप्रिलला ठरलेले होते.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी रुग्णालयाने कळवले, की कार्ड बंद झाले आहे. कंपनीने सांगितले, पॉलिसी शेवटच्या दिवसापुरतीच होती. विमा कंपनीने सांगितले, आमचा करार तुमच्या कंपनीशी, तुमच्याशी नाही. भाचा आमच्यापाशी येऊन म्हणाला, "मामू, जाताना माझ्याकडून अकरा कागदांवर सह्या घेतल्या. लॅपटॉप परत दिला म्हणून घेतली, ओळखपत्र परत दिले म्हणून घेतली. विमा आज रात्री संपतो, असा एकही कागद त्यात नव्हता."

खर्च १ लाख ४० हजार झाला. पण खरा तोटा त्याहून मोठा होता. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१६ च्या आरोग्य विमा विनियमांत असा हक्क दिला गेला, की गट विम्यातील माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला त्याच विमा कंपनीच्या व्यक्तिगत पॉलिसीत जाता येईल. असे गेले, की जुन्या आजारांसाठी जो प्रतीक्षा काळ काढावा लागतो, त्यात आधीची वर्षे धरली जातात. अट एवढीच, की विमा तुटण्यापूर्वी अर्ज करायचा. प्रीमियम अर्थातच स्वतः भरायचा आणि कंपनी आपली तपासणी करणार. भाच्याला हे ऑगस्टमध्ये समजले. तोवर साखळी तुटली होती. नवी पॉलिसी घेतली, तेव्हा जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ पहिल्यापासून सुरू झाला. त्या वेळी हा काळ जास्तीत जास्त ४८ महिने असू शकत होता. २०२४ मध्ये तो ३६ महिन्यांवर आणला गेला, ही चांगली गोष्ट झाली. पण तीन वर्षेही आजारी माणसासाठी थोडी नाहीत.

भाच्याने तक्रारी केल्या, पत्रे लिहिली. काही निघाले नाही. कारण कागदावर दोघेही बरोबर होते. कंपनीने पॉलिसीप्रमाणे नाव काढले आणि विमा कंपनीने नाव नाही म्हणून नकार दिला. हक्क होता, पण त्याची वेळ निघून गेली होती आणि वेळ सांगण्याची जबाबदारी कोणी आपली मानत नव्हते.

अमेरिकेत काय केले?

येथे परदेशातील एक कायदा पाहण्यासारखा आहे. आमच्या काही वाचकांची मुले अमेरिकेत नोकरी करतात. त्यांच्या तोंडी 'कोब्रा' हा शब्द आला असेल. हा साप नव्हे, एका लांबलचक नावाच्या कायद्याची आद्याक्षरे आहेत. त्याच्या नावात १९८५ साल असले, तरी राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही त्यावर ७ एप्रिल १९८६ रोजी झाली. २० किंवा अधिक माणसे असलेल्या मालकाच्या आरोग्य योजनेला तो लागू होतो. नोकरी गेली किंवा कामाचे तास कमी झाले, तर १८ महिन्यांपर्यंत त्याच योजनेत राहता येते. कामगार मरण पावला किंवा घटस्फोट झाला, तर कुटुंबाला ३६ महिन्यांपर्यंत राहता येते. गंभीर गैरवर्तनासाठी काढलेल्याला मात्र हा हक्क नाही.

पैसा मालक देत नाही. माणसाने पूर्ण प्रीमियम आणि वर दोन टक्के, म्हणजे १०२ टक्के भरायचे. नोकरी गेलेल्याला ते जड जातात. करोनाच्या साथीत तर सरकारलाच १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२१ या काळात कामावरून काढलेल्यांचा हा प्रीमियम भरावा लागला. म्हणजे तिकडे सर्व आबादीआबाद आहे, असे आमचे म्हणणे नाही.

पण त्या कायद्यात एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. सांगण्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात नेमके लिहिले आहे. नोकरी सुटल्यावर मालकाने ३० दिवसांत योजनेच्या व्यवस्थापकाला कळवायचे आणि व्यवस्थापकाने १४ दिवसांत त्या माणसाला लेखी नोटीस द्यायची. विमा पुढे चालवायचा की नाही, हे ठरवण्यास माणसाला ६० दिवस मिळतात. नोटीस दिली नाही, तर न्यायालय दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकते. साहजिकच तिकडचे बरेचसे दावे नोटिशीवरूनच होतात. नोटीस मिळाली काय, योग्य पत्त्यावर पाठवली काय, सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत होती काय, यावर वकील झगडतात.

एक मामला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जेम्स गाइसल नावाचा कर्करोगाने आजारी माणूस १९९३ साली नोकरीवरून काढला गेला. मालकाने त्याला विमा चालू ठेवता येईल असे सांगितले. त्याने सहा महिने हप्ते भरले. मग मालक म्हणाला, चूक झाली, तुझ्या बायकोच्या नोकरीचा विमा तुला आधीपासून आहे, म्हणून तुझा हक्कच नाही. गाइसलने दावा लावला. खालच्या दोन्ही न्यायालयांत तो हरला आणि दावा चालू असतानाच मरण पावला. बायकोने मामला पुढे चालवला. ८ जून १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की विमा चालू ठेवण्याचा पर्याय स्वीकारताना आधीपासून असलेला दुसरा विमा हे हक्क काढून घेण्याचे कारण होऊ शकत नाही. कायदा जिंकला, पण ज्याच्यासाठी होता तो माणूस पाहायला नव्हता. इलाजाच्या मामल्यात उशिरा मिळालेला इन्साफ असाच असतो.

आपल्याकडे तत्त्व आहे, नोटीस नाही

आपला देश या बाबतीत तत्त्वाने मागे नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या मामल्यात अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांविषयी निकाल दिला. नोकरीत असताना आणि नोकरी संपल्यावरही आरोग्य व इलाज हा कामगाराचा मूलभूत हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवावी, असा हुकूमही दिला. कारण अॅस्बेस्टॉसचा रोग वीस-वीस वर्षांनी वर येतो.

आपल्या धंद्याला हा निकाल परका नाही. सूत काढताना, विणताना जी धूळ उडते, ती छातीत बसते. तिने होणारा बायसिनोसिस हा रोग १९४८ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात धंद्यामुळे होणारा रोग म्हणून नोंदलेला होता. मागांच्या खडखडाटाने येणारा बहिरेपणाही त्यात होता. माणूस माग सोडून गावी जातो, पण धूळ त्याच्याबरोबर जाते. पाच वर्षांनी खोकला सुरू झाला आणि तो डॉक्टरपुढे बसला, तर तो कोठे व किती वर्षे काम करीत होता, याचा एक कागदही त्याच्यापाशी नसतो.

तेव्हा आमचे म्हणणे सरळ आहे. हक्क कायद्यात आहेत. ते सांगण्याची सक्ती नाही. काम सोडणाऱ्या प्रत्येक माणसाला त्याच्या विम्याची लेखी माहिती शेवटच्या दिवशी, त्याला वाचता येईल त्या भाषेत दिली पाहिजे आणि न देणाऱ्याला दंड झाला पाहिजे, असा नियम सरकारने करावा. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू वाचणारे कामगार आहेत. इंग्रजी पॉलिसीची प्रत हातात देणे म्हणजे माहिती देणे नव्हे.

काही व्यापारी मित्र म्हणतात, "माणूस गेला, संबंध संपला. आता त्याच्या आजारपणाची फिकीर आम्ही का करावी? आधीच कागदपत्रांनी जीव नकोसा केला आहे." कागदपत्रांचा जाच खरा आहे, आम्हीही तो सोसतो. पण हिशेब करून पाहा. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर मालकाचा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के ठरला. १२ हजार पगारावर मालकाचे ३९० आणि कामगाराचे ९० रुपये, असे महिन्याला ४८० रुपये जातात. सहा महिन्यांचे २,८८० झाले. हे पैसे आपण दिले आणि त्यातून विकत घेतलेली वस्तू मात्र माणसाला सांगितलीच नाही, तर हा कसला व्यापार? गाठीचे पैसे मोजायचे आणि गाठ ट्रान्सपोर्टवाल्याकडेच सोडून यायची, असा व्यवहार आपल्यापैकी कोणी करील काय?

सरकारचा नियम येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात आहे ते करावे. आमच्या पेढीत आम्ही २०१९ पासून ही पद्धत ठेवली आहे:

१. माणूस काम सोडेल त्या दिवशी त्याचा विमा क्रमांक, कामावर लागल्याची व सोडल्याची खरी तारीख आणि शेवटच्या दोन सहामाहींत भरलेल्या वर्गणीचे दिवस एका कागदावर लिहून द्यायचे. त्याची प्रत आपल्याकडे ठेवायची.

२. इलाजाचा हक्क कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते ठळक अक्षरांत लिहायचे आणि तोंडाने वाचून दाखवायचे. शक्य तर घरच्या कोणाला समोर बसवायचे. आजारपणात धावपळ तेच करतात.

३. कार्ड परत घ्यायचे नाही. ते त्याचे आहे.

४. निवृत्त होणाऱ्याला निवृत्तीनंतरच्या इलाजाचा फॉर्म आपणच भरून द्यायचा.

५. ग्रुप मेडिक्लेम असेल, तर नोकरी सोडण्याची नोटीस मिळताच माणसाला सांगायचे, की व्यक्तिगत पॉलिसीत जायचे असल्यास आजच अर्ज कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्यावर जीएसटी राहिलेला नाही, हेही सांगावे.

नोकरी करणाऱ्यांनीही आळस करू नये. राजीनामा देण्यापूर्वी विमा कधी संपतो, हे लेखी विचारावे. पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. खासगी विमा कंपनीने दावा नाकारला, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. त्याची कार्यालये मुंबईत व पुण्यात आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही. गट विम्याच्या तक्रारीही तिथे घेतल्या जातात. फक्त कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत जावे.

आमच्या त्या कारागिराचे दागिने आम्ही सोडवून दिले. हे सांगण्यात मोठेपणा नाही. जो खर्च आमच्या चुकीने त्याच्यावर पडला, तो आम्ही उचलला इतकेच. पण त्याने एक गोष्ट सांगितली, ती अजून मनात आहे. पैसे जमेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलता येईल काय, असे त्याने डॉक्टरला दोनदा विचारले होते. डॉक्टरने नाही म्हटले आणि त्याने ऐकले, म्हणून तो आज आहे. दुसऱ्या कोणी ऐकले नसते. आपल्या पेढीवरून गेलेल्या किती माणसांनी अशा वेळी इलाज पुढे ढकलला असेल, याची नोंद कोणाच्या खातेवहीत नाही. निदान यापुढे जाणाऱ्या माणसाच्या हातात तो एक कागद असावा. व्यापारी बांधवांनी विचार करावा आणि या महिन्यात काम सोडणाऱ्या पहिल्या माणसापासून सुरुवात करावी.